निळं करणारे मन्मथप्पा

उदगीरच्या मन्मथप्पांच्या दुकानात कॉम्प्युटरच्या उंदराला कुंची घातलेली असे. धाकट्या लेकीची, बाळपणीची, लाल, कडेनं मोती लावलेली. धूळ बसू नये म्हणून नव्हे, कुणी हात लावू नये म्हणून. गिऱ्हाईक विचारी, तर अप्पा ओठांवर बोट ठेवून सांगत, "झोपलाय त्यो. उठवू नका."

दुकान लग्नपत्रिकांचं. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली मराठीची बाई, तिथं प्रूफं वाचायला जाऊ लागले. मजकूर 'सिलेक्ट' करणं हा शब्द अप्पांना मंजूर नव्हता. पडद्यावर निवडलेली अक्षरं निळी होतात, म्हणून ते म्हणत 'निळं करणं'. शिफ्टवर एक बोट, बाणाच्या बटणावर दुसरं, आणि एकेक अक्षर निळं करत अप्पा पुढं सरकत. एक ओळ निळी होईस्तोवर माझा चहा पिऊन, कप विसळून होई.

"अप्पा, उंदरानं एका झटक्यात होतंय की!"

"झटक्याचं काम खाटकाचं, बाई. आपण लिंगायत माणसं."

आता तेव्हाची मी कशी होते ते सांगते. अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर! शुद्धलेखनात लातूर जिल्ह्यात आपल्या तोडीचं कुणी नाही, हा एक माज, आणि नातीकडून कॉम्प्युटर शिकून चार दिवस झालेले, हा दुसरा. एका दुपारी अप्पा जेवायला घरी गेले. मी हळूच उंदराची कुंची काढली, जुन्या पत्रिकेतल्या 'चि. विश्वनाथ'मधला विश्वनाथ एका झटक्यात निळा केला आणि त्याच्या जागी नव्या नवरदेवाचं 'महेश' टाईप केलं. प्रूफही मीच वाचलं. स्वतःची चूक वाचायची वेळ आली की डोळे माहेरी आल्यासारखे वागतात, काही म्हणजे काही काम करत नाहीत.

पत्रिका छापून गेल्या. दुसऱ्या दिवशी जळकोटहून नवरदेवाचे चुलते गठ्ठा घेऊन हजर. "आमच्या पोराला मिहेश कोण केलं?"

झालं होतं असं, की अप्पांच्या त्या जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी, स्वतंत्र बसे. मी झटका मारला तो 'व'पासून. विश्वनाथ गेला, त्याची वेलांटी मागं राहिली आणि येणाऱ्या 'म'च्या गळ्यात पडली.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी गठ्ठा दोघांच्या मधे ठेवला, एक ब्लेड मला दिलं, एक स्वतः घेतलं. एकेका पत्रिकेवरची वेलांटी खरवडत आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. मधेच एकदा त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही गहू मुठीनं निवडताव का?" बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून मीही शिफ्ट आणि बाण. नात हसते. हसू दे बापडी.

याला दहा वर्षं झाली. गेल्या वर्षी महानंदावहिनी, अप्पांच्या मंडळी, गेल्या. अप्पा तिसऱ्या आठवड्यात दुकानात येऊन बसले. मग यंदा त्यांच्या धाकटीचं, रेणुकाचं लग्न ठरलं, आणि एके दिवशी तिचाच मला फोन.

"मावशी, लग्न पंधरा दिवसांवर आलंय अन् माझी पत्रिकाच न्हाई! बाबा सगळ्या गावाच्या पत्रिका छापूलालेत. तुम्ही जरा रागवा त्यांना."

रागवायची तयारी करूनच गेले. अप्पांनी फाइल उघडली. जुनी फाइल घ्यायची आणि नावं बदलायची, हा या धंद्यातला रिवाज. ही थोरलीच्या पत्रिकेची होती. नवरी, नवरदेव, तिथी, मंगल कार्यालय, सगळं बदललेलं. एकच ओळ तशीच होती : 'आपले नम्र : सौ. महानंदा व श्री. मन्मथप्पा'.

निमंत्रण देणारं माणूस हयात असावं लागतं.

अप्पांनी शिफ्ट दाबला. 'सौ' निळं झालं. टिंब निळं झालं. मग म, हा, नं, दा. शेवटी 'व'. आता एक बटण दाबायचं होतं. बोट त्याच्यावर गेलं, थांबलं, आणि त्यांनी नुसता बाण दाबला. सगळी अक्षरं पुन्हा काळी.

"आठ दिवस झाले, हेच करूलालो," ते म्हणाले. "निळं होतंय. पुढं जात न्हाई."

"सरका," मी म्हटलं.

ते सरकले आणि भिंतीकडं बघत बसले. मी ती ओळ एकदा वाचली. परत एकदा वाचली. आणि फाइल होती तशी छपाईला पाठवली.

मशीनचा आवाज ऐकून अप्पा वळले. "बाई! लोक विचारतील."

"माझ्याकडं पाठवा."

लोकांनी विचारलंच. लग्नात नवऱ्याकडचे मामा पत्रिका नाचवत माझ्यासमोर उभे राहिले. "प्रूफ तुम्ही वाचलंय म्हणं! गेलेल्या बाईनं बोलवलंय होय आम्हाला?"

"हाव. त्यांनीच बोलवलंय," मी म्हटलं. "अन् तुम्ही आलाव न्हवं? मग बसा पंगतीला."

मामा बसले. अप्पा जिलेबीचं ताट घेऊन वाढत येत होते. मामांच्या पानात त्यांनी दोन वाढल्या, मामांनी हात आडवा धरला, तरी तिसरी वाढली.

"घ्या मामा," ते म्हणाले. "ती दोनवर कुणाला उठू देत न्हाई."