देवरे सरांचा डावा हात

पंचवटीच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडताना ज्यांच्या कोपरात निळा दिवा लुकलुकतो, असे गृहस्थ नाशकात एकच आहेत आणि ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात.

“काका, प्लास्टर कधी निघणार?” भाजीवालीनं विचारलं.

“प्लास्टर नाही बाई, चिलखत आहे,” देवरे सर म्हणाले. “ट्रायल चालू आहे. पिशवी धरल्यावर मनगटावर किती ताण येतो ते बघायचंय.”

“मग कांदे पण घ्या की. चांगला ताण येईल.”

सरांनी घेतले. मी तेव्हा जरा मागे उभा राहून, हे गृहस्थ आपल्याबरोबर नाहीत, असा चेहरा केला होता. ते एक कबूल करून टाकतो. खरं कबूल करायचंय ते याहून मोठं आहे, पण त्यासाठी आधी सर कळायला हवेत.

देवरे सर मूळचे नामपूरचे. गंगापूर रोडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात, गुडघ्यांविषयी बोलतात. सरांनी एका व्हिडिओ गेममधल्या योद्धीचा डावा हात मनावर घेतला.

हा हात त्यांच्या मुलीनं, केतकीनं, कॉलेजात असताना केलेला. योगा मॅट कापून, गरम करून वाकवून, वर चंदेरी रंग मारून. कुठल्याशा वेशभूषेच्या स्पर्धेत घालायला. गेममध्ये म्हणे मूठ वळली की निळी शक्ती मनगटापासून कोपराकडे चढत जाते आणि मूठ उघडली की तळहातातून सुटते. केतकीकडे तेव्हा तेवढा वेळ नव्हता. तिनं निळा रंग फासून वेळ मारून नेली. पुढे ती नोकरीला बंगळुरूला गेली आणि हात कपाटावर राहिला. तो सरांनी खाली काढला आणि त्यात वीज खेळवायचं ठरवलं.

या गोष्टीला बराच काळ लोटला. शक्ती अजून सुटायची होती.

“कुठवर आलं, सर?”

“व्हई जाई,” सर म्हणायचे. एरवी अगदी पुस्तकी बोलणारे सर हाताचा विषय निघाला की गावाकडच्या बागलाणी बोलीत शिरतात. ‘व्हई जाई’ म्हणजे होऊन जाईल. कधी होईल, हे त्यात नसतं.

कामाची पद्धत मात्र शिक्षकाची. हॉलमध्ये टीव्हीशेजारी फळा, आणि फळ्यावर पाठाचं टाचण काढावं तसं सगळं मांडलेलं. उद्दिष्ट: बोट वाकवताच दिवा लागणे. साहित्य: बोट वाकल्याचं ओळखणारी पट्टी, नखाएवढा बोर्ड, दिव्यांची माळ, सेल. कृती: सोल्डर करणे. आणि खाली, मूल्यमापन: ‘अंगठा वितळला. पुन्हा.’ तापलेली सळई योगा मॅटला लागली की मॅटचं काय होतं, हे त्या अंगठ्यानं वारंवार सिद्ध केलं होतं.

“भाऊजी, आमच्या वरणालासुद्धा आता सोल्डरचा वास येतो,” मंगलवहिनी सांगत होत्या. “परवा कुकरची शिट्टी सापडेना. तर हे म्हणतात, कोपरात बसवून बघितली, फार सुंदर बसली.”

“बसलीच होती,” सर आतून ओरडले.

गंमत अशी, की काम संपत आलं की सरांची योजना वाढायची. दिवे लागायच्या बेतात आले, तेव्हा म्हणाले, नुसता उजेड काय कामाचा, आवाज नको? आवाज आला, तर म्हणाले, आवाजाबरोबर मोबाइलसारखा हादरा हवा. मग आत घाम येतो म्हणून पंखा हवा. पंखा आला म्हणजे सेल वाढले, सेल वाढले म्हणजे वजन वाढलं, म्हणजे हात पुन्हा उलगडणं आलं.

“माणसाच्या हाताला तरी एवढं कुठं असतं, सर?” मी एकदा म्हणालो.

“म्हणून तर तो गेममध्ये घेत नाहीत.”

आवाजाची चाचणी चालू असतानाच आमच्या सोसायटीची सभा झाली. आवाज हवा तेव्हा येत नसे आणि नको तेव्हा येई. पार्किंगचा ठराव होता. सेक्रेटरी म्हणाले, मान्य असेल त्यांनी हात वर करा. सरांनी डावा हात वर केला आणि बोगद्यातून मालगाडी यावी तसा गडगडाट झाला. सेक्रेटरींचा चहा त्यांच्याच सदऱ्यावर सांडला. ठराव एकमतानं मंजूर झाला. विरोध करायची कोणाची छातीच झाली नाही.

रविवारी सकाळी सरांचा केतकीशी फोन असे. आमच्या गॅलऱ्या लागून आहेत. मी तिथे चहा पितो, त्यामुळे ऐकू येतं. ऐकतो, असंच म्हणा.

“केतकी, पट्टीची लाल वायर बोर्डाच्या कुठल्या पायाला? पुन्हा सांग, हळू. तुझा आवाज असा का येतोय? नेटवर्क नाही, सर्दी आहे ती. वाफ घे. हां, तर लाल वायर.” मग मध्येच, “ऑफिसातून येताना रिक्षा मिळते ना लगेच? बरं. मग सेल मनगटात ठेवू की दंडात?”

हे असं पाऊण-पाऊण तास चाले. मला वाटायचं, बिचारे सर, केवढे अडलेत.

आता माझं. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, काचेमागे बसतो, बोलणं कमीच. तोंडानं आपुलकी दाखवता येत नाही म्हणून माणसाचं अडलेलं काम न विचारता करून टाकायचं, ही माझी जुनी खोड. सर आणि वहिनी पुतण्याच्या लग्नाला नामपूरला गेले. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. मी पाणी घातलं, तो चंदेरी हात पिशवीत टाकला आणि पंचवटीतल्या ओळखीच्या डेकोरेशनवाल्याकडे गेलो.

“साहेब, यात काय आहे?” तो म्हणाला. “गणपतीच्या मागं चक्र फिरतं ना, त्याचं सर्किट टाकतो. मूठ वळली की चालू.”

संध्याकाळपर्यंत हात तयार. एकही वायर दिसत नव्हती.

सर परतल्यावर मी तो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चढवला, मूठ वळली. निळा उजेड झाला, गडगडाट झाला, हादरा बसला, पंखासुद्धा फिरला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

“उत्तम,” सर म्हणाले. पेपर वेळेआधी देऊन उठणाऱ्या मुलाला म्हणावं तसं. मग त्यांनी हात काढून शोकेसमध्ये ठेवला आणि फळा पुसला. मी घरी येऊन स्वतःवर खूश होऊन झोपलो.

रविवारी मी चहा घेऊन गॅलरीत बसलो.

“हं, केतकी. बरी आहेस ना? हो, झाला हात. चालतो. नाही, आता काही अडचण नाही.” मग त्यांनी तुळशीचं एक वाळकं पान खुडलं. “हं. हं. आईला देतो.”

चहा माझ्या हातातच राहिला.

दुपारी वहिनी किल्ली न्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. “भाऊजी, राग मानू नका. पण हे काय करून ठेवलंत?”

“का, काय झालं?”

“केतकी बारावीला होती, तेव्हा गेमच्या नादात वर्ष घालवेल म्हणून यांनी तिचा कॉम्प्युटर उचलून माझ्या माहेरी पाठवला. तेव्हापासून बापलेकीत एवढंच. बरी आहेस ना, आईला देतो. तिनं तो हात केला, तेव्हा काय करतेस म्हणून विचारलंसुद्धा नाही यांनी. मग एका दिवाळीला साफसफाईत हात सापडला. यांनी फोन केला, हे टाकून देऊ का? ती म्हणाली, नको बाबा, त्याला दिवे लावायचे राहिलेत. यांनी विचारलं, कसे लावायचे?” वहिनींनी पदरानं नाक पुसलं. “माझ्या पोळ्या लाटून संपल्या, तरी दोघं बोलतच होती. त्या दिवशी फोन माझ्याकडे आलाच नाही.”

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

दोन-तीन दिवसांनी पतसंस्थेत फोन आला. केतकी होती.

“काका, बाबांचा हात तुम्ही पूर्ण करून दिलात?”

“हो. चुकलंच.”

“काका, मी सर्किटचंच काम करते. मला तो हात एका सुट्टीत करता आला असता. मी दर रविवारी एकच वायर सांगायचे. त्यांनी दुसरं काही विचारावं म्हणून.”

काचेपलीकडे एक आजोबा पासबुक आपटत होते. मी ते घेतलं आणि शिक्का न मारताच परत दिलं.

“तुम्हाला त्यात काही बिघडवता येईल का?”

“मी?”

“छोटंसंच. कोणाला कळणार नाही असं.”

ठरवून बिघडवलेली एकही गोष्ट माझ्या नावावर नाही. बिघडल्या त्या सगळ्या मदत करताना. तरी रविवारी सकाळी मी खिशात नेलकटर टाकलं आणि समोर गेलो. हाताचा फोटो काढायचाय, असं सांगायचं ठरवून.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर हात, तळव्यापासून कोपरापर्यंत उभा चिरलेला. सर चष्मा नाकावर ओढून सोल्डरचा एकेक टाका सोडवत होते. गणपतीचं सर्किट बाजूला स्टीलच्या वाटीत काढून ठेवलेलं.

“काम चांगलं होतं हो त्याचं,” सर वर न बघता म्हणाले. “पण ते गोल फिरतं. आपल्याला खालून वर चढायला पाहिजे.”

“मदत करू?” सवयीनं तोंडातून निघून गेलं.

“नको!” सर केवढ्यानं तरी म्हणाले. मग आवाज खाली आणून, “तुम्ही बसा, भाऊ. नुसते बसा.”

मी बसलो. खिशातलं नेलकटर टोचत होतं. केतकीचा मला फोन आला होता, हे मी सरांना सांगितलं नाही. आणि पुढे जे पाहिलं, ते तिलाही सांगितलेलं नाही. इथे लिहितोय तेवढंच.

फोन वाजला. वहिनी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी आल्या, नाव बघितलं, कोपरानंच फोन सरांपुढे सरकवला आणि आत निघून गेल्या.

“केतकी, सगळं उलगडलंय बघ,” सर फोन स्पीकरवर टाकत म्हणाले. “आणि आता सेलची अधिकची बाजू कुठली, तेच समजेना.”

सेलवर अधिकचं चिन्ह ठसठशीत छापलेलं होतं. सरांचा अंगठा त्याच्यावरच होता.

“बाबा, घाई करू नका,” पलीकडून आवाज आला. “आधी सेल हातात घ्या.”

“घेतला,” सर म्हणाले, आणि भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, आरामात बसले.