श्रीनाथराव, भिंतीआड व्हा!

शेवटची इनिंग आली की श्रीनाथचं डोकं फिरायचं. परदेशातल्या टार्निटच्या त्या मैदानावर एव्हाना हे सगळ्यांना पाठ झालं होतं. त्याची बायको चारुता ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने बेसबॉलच्या मिक्स्ड टीममध्ये गेली आणि तिला सोडता-आणता श्रीनाथलाच त्या खेळाचं वेड लागलं. पुण्यात असताना त्याने बेसबॉलची बॅट फक्त सिनेमातल्या गुंडांच्या हातात पाहिली होती. आता मात्र टीम हरली की कोच जेवायचा आणि श्रीनाथ उपाशी झोपायचा.

त्याचं दुखणं एकच होतं. चार बॉल वाईट पडले की बॅटरला पहिला बेस फुकटात मिळतो. शेवटी शेवटी बॉल टाकणाऱ्या पिचरचा हात दमतो, बॉल वाट्टेल तिकडे जायला लागतात. अशा वेळी बॅट खांद्यावर ठेवून नुसतं उभं राहायचं. पण नाही! आमची मंडळी नेमकी तेव्हाच हवेत बॅट फिरवणार.

"अरे, सोड ना! सोड तो बॉल!" जाळीला लटकून तो ओरडायचा. घरी जाताना गाडीत पुन्हा उजळणी.

"चारू, शेवटच्या इनिंगला काय करायचं?"

"काही नाही करायचं."

"करेक्ट! मग का केलंस?"

"झालं रे हातून," म्हणून चारुता गाण्याचा आवाज वाढवायची.

सेमीफायनलला पुण्याहून आलेल्या श्रीनाथच्या सासूबाई शोभाताईही खुर्ची टाकून बसल्या. बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मॅच कशी बघायची असते ते पक्कं ठाऊक होतं. श्रीनाथ कॉफी आणायला गेला, आपल्या टीमचे दोन रन झाले. तो परत आला, लगेच एक जण आउट. तो सॉसेजच्या रांगेत उभा राहिला आणि चारुताने बॉल लांब मारला. धावत आला तोवर ती बेसवर उभी राहून पँटची धूळ झटकत होती.

हे काही त्याच दिवसाचं नव्हतं. सीझनभर चारुताने बॉल मारला की श्रीनाथ पार्किंग शोधत असायचा, नाहीतर ऑफिसच्या कॉलवर असायचा. तिला आउट होताना त्याने दरवेळी पाहिलं होतं, मारताना एकदाही नाही. चिडचिड तो जगजाहीर करायचा, पण या गोष्टीचं त्याला आतून फार वाईट वाटायचं.

"श्रीनाथराव, रागावू नका," शोभाताई म्हणाल्या, "पण तुम्ही जरा लांबच थांबा. वर्ल्ड कपला आम्ही ह्यांना बाल्कनीतच ठेवतो. जेवणाचं ताटही तिकडेच देतो."

"आई, पिचर दमलाय म्हणून रन होतायत. त्यामागे शास्त्र आहे."

"आमच्याकडेही शास्त्रच आहे."

श्रीनाथ कोचकडे धावला. ट्रेव्हर धंद्याने प्लंबर, डोळ्यांनी दिसेल तेवढंच मानणारा माणूस. त्याने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि पँट वर करून पायातले मोजे दाखवले. पहिली मॅच जिंकल्यापासून ते धुतले नव्हते.

"शी इज राइट, मेट," तो म्हणाला. "टॉयलेटच्या मागे. चिअर्स!"

अशा रीतीने टीमचा सगळ्यात कट्टर चाहता शेवटच्या इनिंगला टॉयलेटच्या भिंतीआड गेला. तिथून फक्त आवाज येत होते. आपण एका रनने मागे, दोघं आउट (तिसरा गेला की खेळ खलास), तिन्ही बेसवर आपली माणसं आणि बॅटिंगला चारुता.

"बॉल वन!" अंपायर ओरडला. मग "बॉल टू!" मग "बॉल थ्री!"

श्रीनाथने भिंतीला हात जोडले. आणखी एक बॉल वाईट पडला की चारू चालत पहिल्या बेसवर, बाकीचे एकेक बेस पुढे, सगळ्यात पुढचा रन पूर्ण करून घरात आणि बरोबरी! "उभी राहा चारू," तो पुटपुटला, "नुसती उभी राहा." पण माणूस किती सोसणार? त्याने हळूच डोकं बाहेर काढलं.

शोभाताईंनी ते पाहिलं आणि कावळा हाकलावा तसे हात केले. चारुतानेही त्याला पाहिलं. पिचरने टाकलेला बॉल इतका वरून येत होता, की मारायला शिडी लागली असती. चारुता टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने बॅट फिरवली.

ठाण्णकन आवाज झाला. बॉल उंच गेला, आणखी उंच गेला. श्रीनाथ भिंतीआडून पुरता बाहेर आला. काय मारला होता! मग पार मागे कुंपणाला टेकलेल्या एका दाढीवाल्याने तो अलगद झेलला. आउट. मॅच गेली.

आपल्या बाजूच्या सगळ्यांनी डोक्याला हात लावला. टाळ्या एकच माणूस वाजवत होता, तोही टॉयलेटपाशी उड्या मारत.

चारुता हेल्मेट काढून सरळ त्याच्याकडे आली. "सोडायचा होता. माहीत होतं मला."

"मग?"

"तू दिसलास. म्हटलं, एकदा तरी याला मारून दाखवावं."

मागून आलेल्या शोभाताईंनी सगळं ऐकलं होतं.

"बघा! डोकावलात आणि मॅच घालवलीत." या वेळी जावयाने सासूबाईंच्या शास्त्रापुढे मान डोलावली.

तेवढ्यात ट्रेव्हर टोपी आपटत आला. "थ्री बॉल्स!" त्याने आकाशाकडे पाहत आक्रोश केला. "थ्री बॉल्स! नुसतं उभं राहायचं होतं, मेट! मग का फिरवली बॅट?"

श्रीनाथने एक हात चारुताच्या खांद्यावर ठेवला, दुसरा ट्रेव्हरच्या.

"परफेक्ट डिसिजन होता, मेट," तो म्हणाला. "तुला बेसबॉल कळत नाही."