पानिपतची पांढरी गाडी

लग्नाला आठ महिने झाले तेव्हा हेमांगीने संसारातला पहिला ठाम निर्णय घेतला. तो तिने कुणाला बोलून दाखवला नाही, कारण बोलून दाखवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण तव्यावरची पोळी उलटता उलटता तिने मनाशी पक्कं केलं, की काय वाट्टेल ते झालं तरी सुनीतीवहिनींची जुनी गाडी या घरात येणार नाही.

(घरात म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये. ग्रेटर नोएडा वेस्टला चौदाव्या मजल्यावर गाडी कोण चढवणार? पण सुनीतीवहिनींनी मनावर घेतलं असतं तर तेही जमलं असतं.)

सुनीतीवहिनी म्हणजे हेमांगीची थोरली जाऊ. राहायला गुडगावला, गोल्फच्या मैदानाकडे तोंड करून. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्याकडची एकेक वस्तू नवी होई आणि जुनी वस्तू धुऊनपुसून नोएडाकडे रवाना होई. हेमांगी नाशिकहून सासरी आली तेव्हा तिच्या स्वागताला वहिनींचा सोफा, वहिनींचा मायक्रोवेव्ह आणि वहिनींचे पडदे आधीच हजर होते. पडदे गुडगावच्या खिडक्यांच्या मापाचे, त्यामुळे इथे वीतभर आखूड. त्या वीतभर फटीतून रोज सकाळी ऊन आत शिरे आणि नेमकं हेमांगीच्या डोळ्यांवर पडे. वहिनींनी फोन करून उठवल्यासारखं.

वस्तूंचं एकवेळ चाललं असतं. वेदांतचं काय करायचं? ‘वहिनीला विचारू’ हे वाक्य तो दिवसातून जितक्या वेळा म्हणे, तितक्या वेळा श्वाससुद्धा घेत नसेल. गहू कुठला आणायचा, वहिनीला विचारू. दात दुखतोय, वहिनीला विचारू. एकदा हेमांगीने जीव ओतून आमटी केली. वेदांतने डोळे मिटून भुरका मारला आणि म्हणाला, “वा! जराशी आणखी आंबट असती ना, तर डिट्टो वहिनीची!” त्यानंतर आठवडाभर त्या घरात चिंच आली नाही.

अशात मे महिन्यातल्या एका रविवारी वहिनींचा फोन आला. वेदांतने तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

“वेदांत, मी आता दुसरी गाडी बघतेय. काळी तुम्ही घेऊन टाका. हायब्रिड आहे, निम्मी बॅटरीवर पळते. पेट्रोल कमी, रुबाब जास्त. बाहेर कुणाची तरी वापरलेली घेण्यापेक्षा माझी बरी नाही का? हेमांगी, तुला काय वाटतं गं?”

हेमांगीला काय वाटत होतं ते सांगायला तोंड फार मोठं लागलं असतं. ती म्हणाली, “छानच आहे, वहिनी.” आणि मग, स्वतःच्याच धिटाईने दचकून, पुढे म्हणाली, “पण... एखादी आणखी बघायची का? एकच बघून घेतली की निवडल्यासारखं वाटत नाही.”

हा मुद्दा बिनतोड होता. चाळीस साड्या उलगडल्याशिवाय पहिली साडी घ्यायची नसते, हे जिला कळत नाही अशी बाई महाराष्ट्रात जन्माला आलेली नाही.

“करेक्ट!” वहिनी म्हणाल्या. “बघा ना. तेवढीच माझ्या गाडीची किंमत कळेल तुम्हाला.”

हेमांगीने दोन दिवस मोबाईलवर शोधाशोध केली आणि तिला ती सापडली. तशीच मोठी, तशीच हायब्रिड, पण मोत्यासारखी पांढरी. मागच्या काचांना बटणावर वरखाली होणारे पडदे. (मापाचे.) पुढच्या सीटना बारीक बारीक भोकं, आणि त्यातून म्हणे गार वारा. मालक ब्लँकेटचे व्यापारी. पत्ता, पानिपत.

“पानिपत?” दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात लेकाकडे राहणारे वेदांतचे खंडेरावकाका फोनवर किंचाळले. “अरे वेदांत, मराठी माणसाने पानिपतला जाऊन काही मिळवल्याचं ऐकलंयस कधी?”

“काका, गाडी बघायला जातोय. लढायला नाही.”

“तेव्हाही आधी बघायलाच गेले असतील. रसद तरी घेऊन जा. आणि बायका-मुलं मागे ठेवा!”

पण बायका मागे राहणार नव्हत्या. वहिनींना कळताच त्यांनी मोहिमेची सूत्रं हातात घेतली. “तुम्हा दोघांना घासाघीस जमायची नाही. एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला थांबता येत नाही. माझ्याच गाडीतून जाऊ. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या करून बघता येतील.”

शनिवारी सकाळी काळी गाडी सोसायटीच्या गेटाशी आली. आली म्हणजे, प्रकटली. हायब्रिड असल्यामुळे आवाज नाही. वेदांत पुढे वहिनींशेजारी बसला, कारण त्याला रस्ता दाखवायचा होता. (रस्ता वहिनींना पाठ होता.) हेमांगी मागे बसली आणि पानिपत येईपर्यंत तिने दीर-भावजयीच्या दोन डोक्यांकडे पाहिलं. ‘वहिनी, हा टर्न काय घेतलास यार!’ ‘वहिनी, तुझा ब्रेक म्हणजे लोणी!’ हेमांगीने त्याला स्कूटरवरून एकदा मंडईत नेलं होतं, तेव्हा साहेबांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती.

ब्लँकेटवाल्या लालाजींच्या बंगलेवजा कोठीसमोर पांढरी गाडी उन्हात झगझगत उभी होती. हेमांगीला फोटोत आवडली होती त्याहून ती प्रत्यक्षात जास्त आवडली. एखाद्या वस्तूला वहिनींचा हात लागलेला नाही, एवढ्यानेसुद्धा तिला कसं तेज येतं!

वेदांत ट्रायलला बसला. बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. पुन्हा शांतता. पाचव्यांदा दाबून तो काच खाली करून म्हणाला, “लालाजी, ये तो स्टार्टही नहीं हो रही.”

“साबजी,” लालाजी अदबीने म्हणाले, “तीन बार चालू की आपने, दो बार बंद. अब चल रही है. गियर डालो और पैर हटाओ ब्रेक से.”

वेदांतने गिअर टाकून पाय काढला. गाडी निमूटपणे पुढे सरकली आणि तुळशीच्या कुंडीला टेकली.

“हेमांगी, तुला सांगतो,” वेदांत खाली उतरून कपाळ पुसत म्हणाला, “वहिनीच्या गाडीत कसं, एक विश्वास वाटतो.”

झालं. हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी ती गप्प बसली असती आणि इथे ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली असती. पण तिला एकाएकी वाटलं, नुसती पांढरी गाडी मिळून भागायचं नाही. वहिनींना ती मिळताना दिसली पाहिजे. एकदा, फक्त एकदा, वहिनींनी हेमांगीच्या वस्तूकडे बघून आवंढा गिळला पाहिजे.

“वहिनी,” ती गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही जरा बसून बघा ना. सीटमधून गार वारा येतो म्हणे. तुमच्या गाडीत नाहीये ना तो?”

“नाही बाई,” वहिनी म्हणाल्या आणि बसल्या.

हेमांगीने बटण दाबलं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. आत वहिनींच्या पाठीमागून, मांड्यांखालून हिमालय वाहू लागला. वहिनींच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य आलं, मग शांती आली, मग जे आलं ते पाहून हेमांगीचे आठ महिने सार्थकी लागले. वहिनींनी आवंढा गिळला.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “बरंय की.”

“आणि हे पडदे बघा,” हेमांगी आता सुटलीच होती. जन्मात एवढी बोलली नव्हती. “आणि ह्या साऊंड सिस्टिमला तुमच्यापेक्षा सहा स्पीकर जास्त. आणि ह्या रंगावर धूळ दिसत नाही. काळ्यावर कसं, दोन तासांत पीठ मळल्यासारखं होतं, नाही?”

“हो गं,” वहिनी क्षीण आवाजात म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते. लालाजींनी चहा आणवला, तो त्यांनी तिथेच घेतला. समोसाही तिथेच घेतला.

एका सुखाने माणसाचं समाधान होत नाही. लालाजींच्या पत्नी अरुणाजी हेमांगीला लस्सी घेण्यासाठी स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, तिथे बोलता बोलता कळलं की पांढरी गाडी विकायला काढली ती कुठल्या दोषासाठी नव्हे. त्यांच्या पंडितजींनी लालाजींना शनीच्या साडेसातीसाठी काळं वाहन ठेवायला सांगितलं होतं.

हेमांगीचा लस्सीचा पेला ओठांपाशी थांबला. समजा आज आपण पांढरी घेतली. तरी काळी राहतेच. आणि ती राहिली तर वेदांत रोज तिच्या आठवणी काढणार. कदाचित वर्षभराने ‘सेकंड कार’ म्हणून घेऊनही येईल. तिचा कायमचा बंदोबस्त इथेच, पानिपतावरच झाला तर?

“आंटीजी,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “वो जो काली गाड़ी है ना हमारी जेठानी की... बहुत लकी है. जब से आई, जेठजी के दो प्रमोशन हो गए.”

(थोरल्या दिरांचं, दीनानाथदादांचं, एकच प्रमोशन झालं होतं, आणि तेही गाडीच्या आधी. पण शनीला कोण विचारायला जातंय?)

“सच्ची?” अरुणाजींचे डोळे चमकले. “बेचेंगी?”

“उसी के लिए तो ग्राहक ढूँढ रही हैं. आप खुद पूछिए. मेरा नाम मत लेना, मैं छोटी हूँ ना.”

अरुणाजी पदर सावरत बाहेर गेल्या. हेमांगीने सावकाश, अगदी घोट घोट करून लस्सी संपवली. मग दुसरा पेला घेतला. बाहेरून लालाजींचा आवाज, वहिनींचा आवाज, वेदांतचं मोठमोठ्याने ‘बिल्कुल, बिल्कुल!’ असं सगळं ऐकू येत होतं. ती मुद्दाम गेली नाही. मोठे सेनापती लढाई चालू असताना तंबूत बसतात, असं तिने शाळेत वाचलं होतं.

अर्ध्या तासाने ती अंगणात आली तेव्हा अरुणाजी काळ्या गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधत होत्या. काळी गेली! हेमांगीच्या मनात मोर नाचला. लालाजी सगळ्यांना बर्फी भरवत होते. वेदांत धावतच तिच्याकडे आला.

“हेमांगी, काम झालं!”

“कसलं?”

“पांढरीचं! डील डन! काय भाव पाडलाय माहितीय!”

“पांढरी घेतली?” तिने हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या निवडीची वस्तू. “दे ना, चावी दे. मी बघते जरा.”

“चावी वहिनीकडे आहे.”

“वहिनींकडे कशाला?”

“म्हणजे?” वेदांत गोंधळला. “तिचीच आहे ना. लालाजींनी काळी घेतली, वहिनीने पांढरी घेतली. अदलाबदल! अगं, ती त्या सीटवरून उठायलाच तयार नव्हती. आणि म्हणाली, हेमांगीने एवढी तारीफ केली म्हणजे गाडी चांगलीच असणार, ती उगाच बोलणाऱ्यातली नाही.”

हेमांगीने पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. वहिनी अजून तिथेच बसल्या होत्या. फक्त आता गॉगल लावून.

“आणि आपण?” ती म्हणाली. “आपल्याला काय मिळालं?”

“ब्लँकेटं,” वेदांत आनंदाने म्हणाला. “काळीची किंमत जास्त होती ना, तर लालाजींनी वरचा फरक मालात दिला. अठरा ब्लँकेटं! वहिनी म्हणाली, तिच्याकडे ठेवायला जागा नाही, आपणच घेऊन टाका.”

तेलही गेलं, तूपही गेलं, आणि मे महिन्यात हाती अठरा ब्लँकेटं आली. डिकीत दहा मावली. उरलेली आठ मागच्या सीटवर ठेवली आणि त्यांच्या शेजारी, म्हणजे खरं तर त्यांच्या खाली, हेमांगीला ठेवलं. गार वाऱ्याची भोकं फक्त पुढच्या दोन सीटना होती. पुढे वहिनी आणि वेदांत शिमल्यात होते. मागे, वाघाचं चित्र असलेल्या एका ब्लँकेटातून, हेमांगीचं नाक तेवढं बाहेर होतं.

सोनिपत गेलं तरी ती एक शब्द बोलली नाही. पण ती कधीच बोलत नसे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी वहिनींच्याच लक्षात आलं. कितीही झालं तरी बाई बारीक नजरेची.

“हेमांगी, तू हिरमुसलीस का गं? अगं, मी काही गाडी जन्मभर ठेवत नाही. दोन वर्षं, फार तर तीन. मग ही तुमचीच. आता बाहेर शोधाशोध करूच नका. तोपर्यंत स्कूटर आहे ना तुझी?”

 वेदांत मागे वळला आणि वाघाच्या डोक्यावरून हात घालून त्याने बायकोचा खांदा थोपटला. “बघितलंस? ह्याला म्हणतात मोठं मन. दुसऱ्या कुणाची जाऊ एवढा विचार करेल का?”

हेमांगीने मान हलवली. कुठल्या दिशेला हलवली ते ब्लँकेटांमुळे कळलं नाही.

“आणि हे बघ,” वहिनी आरशातून तिच्याकडे पाहत प्रेमाने म्हणाल्या, “तुला हा पांढरा रंग खरंच आवडलाय ना? नसेल तर आत्ताच सांग हं, संकोच करू नकोस. तुझ्याकडे येईपर्यंत मी काळा करून ठेवते.”