त्रेचाळीस निमंत्रक आणि एक सुधारणा

मी आयुष्यात कधी बढाई मारली नाही. तसं कारणच घडलं नाही. पण त्या मंगळवारी मी चक्क लिस्प सुधारलं! लिस्प ही एक जुनी संगणकभाषा. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुस्तकावरून शिकलो; माणसांपेक्षा तिच्याशी बोलणं सोपं जातं. तिच्यात एक हुकूम आहे: यादीतलं एकेक नाव उचलायचं, त्याला हवं ते जोडायचं आणि नवी यादी रचायची. तो हुकूम मी जवळजवळ दुप्पट वेगानं पळवला!

पुतणी प्रेरणाचं लग्न ठरलेलं. पत्रिकेतल्या त्रेचाळीस निमंत्रकांना श्री., सौ., चि. लावायचं काम मी मागून घेतलं.

"काका, त्रेचाळीस नावांना वेग कशाला?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

पत्रिका छापल्या, वाटल्या. तिसऱ्या दिवशी देवगाव रंगारीहून सर्जेरावदादांचा फोन. दादा माझे चुलतभाऊ, घराण्यात सगळ्यांत थोरले. पत्रिकेत पहिलं नाव त्यांचं, हा आमच्यात कायदाच.

"बन्सी, दात यायच्या आधी पोरगं निमंत्रक झालं व्हय?"

पत्रिका उघडली. पहिलं नाव चि. कृष्णा, वय नऊ महिने. दादा सगळ्यांत खाली, छापखान्याच्या फोन नंबरला टेकलेले!

"मी लग्नाला येणार नाय!" फोन बंद.

प्रेरणा रडायलाच लागली. "थोरले बाबा नसतील तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. तुम्ही घातलाय घोळ, तुम्हीच आणा त्यांना!"

एसटीनं देवगाव गाठलं. दादांनी 'ये'सुद्धा म्हटलं नाही. द्वारकावहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. तेवढाच आधार!

"दादा, वहिनींची पहिली भाकर टोपल्यात तळाला जाते ना? तसंच लिस्पमध्ये पहिलं नाव तळाला जातं. म्हणून शेवटी सगळा ढीग पालथा करतात. मला ते सरकारी कामासारखं वाटलं. मी ते काढून टाकलं."

"म्हंजी मी तळाची भाकर?"

"पहिली, दादा!"

"तळाची भाकर घामेजती. तिला कोण खातंय?"

मी पिशवीतून पत्रिका काढून पुढं ठेवली.

"छापायच्या आधी वाचलं नाय का रं?"

"वाचलं ना. फक्त माझं नाव. दुसऱ्यांची बारकाईनं बघायला संकोच वाटला. माझं आपल्या जागेवर होतं."

वहिनींनी पिठाचं बोट पत्रिकेवर ठेवलं आणि मोजलं. "वरून बाविसावं." मग पुन्हा मोजलं. "अगं बाई! खालूनबी बाविसावंच!"

दादांनी पत्रिका ओढून घेतली आणि स्वतः मोजलं.

"अरारा! सगळं खानदान पालथं झालं, अन् हा हाय तिथंच! द्वारके, माझं धोतर काढून ठेव. ह्याच्यावर काय रुसायचं?"

दादा लग्नाला आले, पहिल्या रांगेत बसले आणि येईल त्या पाहुण्यापुढं पत्रिका धरून म्हणू लागले, "आमचा बन्सी दोन्हीकून मोजून बघा!"

सगळ्यांनी मोजलं. गर्दी पांगल्यावर मीही हळूच मोजलं.

बरोबर आहे.