गुलाबी रुमालांची धामधूम

श्रीशारदा समर्थ. जिच्या कृपेने अक्षर टिकते आणि जिच्या अवकृपेने वाळवी माजते, तीस नमन करोन जैसे घडले तैसे लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघमास. ते समयी एका राज्यात नगरपरिषद नामे तख्त होते आणि तेथे मुख्याधिकारी राजश्री अविनाशराव टेंभेकर अंमल करीत होते. स्वारी तडफेची, फीत कापण्याचा शौक दांडगा आणि कागद वाचण्याचा कंटाळा त्याहून दांडगा. दप्तरखाना सुलभाबाई कोठावदे यांजकडे. बाई जिभेच्या तिखट, हाताच्या टापटिपीच्या, आणि निवृत्ती अगदी तोंडावर आलेली. दप्तरखान्याची रीत ऐसी की, कायम राखावयाचे कागद लाल रुमालात बांधावे आणि वर्षाने नाश करावयाचे पांढऱ्या रुमालात. रुमालाचा रंग हीच खूण. गाठ सोडोन आत पाहण्याची तसदी कोणी घेत नसे.

मग खबर आली की, वरच्या दरबारचे तपासनीस दप्तर पाहावयास येणार. बाईंनी रुमालांकडे पाहिले तो धुळीने काळे पडलेले. ऐसे दाखविले तर अब्रू जाईल, म्हणोन बाईंनी सारे रुमाल सोडविले, गठ्ठे सुतळीने बांधोन आपापले जागी ठेविले आणि रुमाल परटाकडे धाडिले. पाठोपाठ रंगारी भिंतीस चुना देण्यास आले, त्यांनी गठ्ठे उचलोन ओसरीवर टाकिले, आणि चुना वाळल्यावर जैसे हातास लागले तैसे फळ्यांवर रचिले. तिकडे परटाने लाल आणि पांढरे एकाच हौदात भिजविले, लाल रंग कच्चा निघाला, आणि रुमाल परत आले ते एकजात गुलाबी.  बाईंनी दार लोटोन घेतले, आणि कोणास न सांगता सारे गठ्ठे गुलाबी रुमालात बांधोन टाकिले. आपण घरी बसेपर्यंत कोणी विचारू नये, एवढेच मागणे देवापाशी मागितले. येथे बाई चुकल्या. आम्ही त्यांचे मीठ खाल्लेले नाही, म्हणोन स्पष्ट लिहितो.

त्या दिवसांत कुंभारगल्लीची चंद्राबाई दळे रोज ओसरीवर येऊन बसत असे. कुंभारांच्या भट्टीच्या जागेवर नगरपरिषदेस मोटारतळ बांधावयाचा होता. ती जागा कुंभारांस दिल्याचा पूर्वीच्या सभेचा ठराव दप्तरी होता आणि त्याची नक्कल प्रांतसाहेबांपुढे सुनावणीत ठेवावयाची होती. नक्कल न मिळे तर भट्टी मोडणार आणि गल्लीची चूल विझणार. म्हातारी विचारी, “बाई, आज तरी घावंल का आमचा कागुद?” आणि बाई “शोधतेय” म्हणोन तोंड फिरवीत. ऐसे होता होता सुनावणीचा आदला दिवस उगवला.

ते दिवशी रद्दीचा लगदा करणाऱ्या गिरणीचा ट्रक फाटकात शिरला. मागोमाग मुख्याधिकारी चालोन आले आणि विचारते झाले, “बाई, नाशनाचे पांढरे गठ्ठे कुठले?” बाई फळी पुसू लागल्या. मग साहेबांनी स्वतः फळ्यांवरून नजर फिरविली आणि आपली अक्कल चालविली. “अहो, हे सगळे पांढरेच की! जुने होऊन रंग चढलाय नुसता. म्हणजे सगळंच जायचं आहे. उद्या तपासनीस येतायत, हॉल मोकळा दिसला पाहिजे. भरा रे.” कोणी विचारले, लाल गेले कोठे? साहेब म्हणाले, “ते कॉम्प्युटरवर चढवलेत ना!” खरे पाहता कॉम्प्युटरवर नुसती वरची पाने चढली होती. परंतु साहेबांस कोण सांगणार? हमालांनी गठ्ठे उचलिले आणि ट्रक भरू लागला.

आता बाईंनी नाशनाच्या यादीवर सही करावी, एवढेच उरले. पेन हाती दिले. सही केली तर गठ्ठे लगद्यात जाणार आणि त्यांबरोबर बाईंची चूकही जाणार. कोणी कधी विचारणार नाही, पेन्शन सुखाने सुरू होणार. न केली तर आपल्या तोंडाने चूक सांगावी लागणार.  मोह मोठा होता. लिहिणाराही त्या जागी असता तर पेन टेकविता, खोटे कशास बोला. इतक्यात चंद्राबाई उठोन दाराशी आली आणि म्हणाली, “बाई, त्यात आमचा कागुद न्हाई न्हवं?”

बाईंनी पेन खाली ठेविले. “आहे मावशी. कुठल्या गठ्ठ्यात आहे ते मला माहीत नाही. साहेब, रुमाल मी धुवायला दिले. रंग माझ्यामुळे गेला. यात लाल-पांढरं सगळं मिसळलंय. मी सही करणार नाही.”

साहेब संतापोन लाल झाले. “निलंबित करीन! पेन्शन अडकेल, कळतंय का?”

“कळतंय. लेखी आदेश द्या. तो दप्तराला लावावा लागेल, आणि दप्तर माझ्याकडे आहे.”

ऐसे बोलोन बाई पदर खोचोन स्वतः ट्रकवर चढल्या आणि गठ्ठे खाली ढकलू लागल्या. चंद्राबाईने गल्लीस हाक दिली आणि मातीच्या हातांनी कुंभार धावोन आले. बाई वरून ओरडल्या, “आधी हात धुवा!” मग वाचता येई ते तारीख पाहत आणि न येई ते गाठी सोडीत. एकास आपल्या आजाचा अर्ज सापडला, शेजाऱ्याने गाढव कोंडिले म्हणोन केलेला, आणि तो तेथेच डोळे पुसू लागला. बाई डाफरल्या, “नंतर रडा, पुढचा घ्या!” ट्रकवाला भोंगा वाजवी, साहेब फोनवर वर कळवीत, कचेरी बंद होण्याची वेळ जवळ आली आणि कागद दिसेना.  अखेर ट्रकच्या तळाशी पहिल्याने भरलेल्या गठ्ठ्यात ठराव निघाला. बाईंनी नक्कल केली, शिक्का मारिला आणि ती चंद्राबाईच्या हाती दिली. म्हातारीने ती कपाळास लाविली आणि म्हणाली, “लई छळलंत बाई.” बाई “हो” म्हणाल्या.

दुसरे दिवशी तपासनीस आले तो पसारा जैसा होता तैसा. बाईंनी सारा प्रकार लिहोन खुलासा दिला. तपासनीसांनी ताशेरा ओढिला आणि साहेबांसही चार शब्द ऐकविले. ते गेल्यावर साहेब नरमले आणि हळूच म्हणाले, “बाई, तुमचा खुलासा वर्षाच्या कागदांत टाका. वर्षाने जाईल, कुणाला कळणार नाही.” बाईंनी खुलाशाच्या माथ्यावर ‘कायम’ लिहिले आणि म्हणाल्या, “साहेब, माझ्यामागून जो येईल त्याला कळायला हवं. नाहीतर तोही रुमाल धुवायला देईल.”

एवंच काय जाहले? भट्टी जागेवर राहिली, मोटारतळ कागदावरच राहिला, आणि बाई ताशेऱ्यासह निवृत्त होऊन घरी गेल्या. गठ्ठे लावण्याचे काम अद्याप चालू आहे. ज्यास तपशील पाहणे असेल त्याने दप्तरखान्यात अर्ज करावा. खुलासा पाहावयास मिळतो. लेखन पुरे.