जावयाचे जंत

पायरी चढताना भगवानरावांना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचं सांगून शौच तपासायला लावलं. बीडला जावयाचीच लॅब होती. तरीही लिंबागणेशहून ते हात हलवत आले.

"मामा, नमुना कुठंय?" नवनाथनं विचारलं.

"सासऱ्याचं असलं जावयानं बघायचं असतं व्हय? आन् जंत लेकरांस्नी होतेत."

"मोठ्यांनाही होतात. अनवाणी रानात हिंडलं की तळव्यातून आत शिरतात. मग आतड्यात बसून रक्त पितात." शाळाशाळांतून दिलेलं भाषण नवनाथनं इथंही पूर्ण दिलं.

भगवानरावांनी ते शांतपणे ऐकलं. "मंग आधी तुमचं दावा. मग मी बघतो."

नवनाथ लगेच तयार झाला. आपला नमुना नमुनेदार असणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. दुसऱ्या दिवशी काच लावून त्यानं स्वतः न बघताच सासऱ्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"बघा, स्वच्छ पोट असं दिसतं."

"ह्या लांबोळक्या गोळ्या कशाच्या हायत?"

नवनाथनं वाकून पाहिलं. भिंग पुसून पाहिलं. दुसरी काच लावली. गोळ्या तिथंही होत्या.

"अंडी हायत, मामा. जंतांची."

"कुणाच्या?"

"माझ्या."

चहा घेऊन आलेली भगवानरावांची लेक चैताली म्हणाली, "नव्या चपला चिखलात नको म्हणून हे परसातल्या भाजीला अनवाणीच पाणी घालतेत, आबा."

भगवानरावांचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला. त्यांनी पिशवीच्या तळातून झाकण घट्ट लावलेली डबी काढली. "आणली हुती. तुमचं चांगलं निघालं असतं तर तशीच परत नेणार हुतो. आता जावयालाच हायत म्हणल्यावर मला कशाची लाज?"

त्यांच्या डबीतही तेच निघालं. डॉक्टरांनी दोघांना जंताचं औषध दिलं, भगवानरावांना रक्तवाढीच्या गोळ्याही दिल्या. हळूहळू त्यांची धाप कमी झाली आणि आवाज वाढला. गावात पारावर बसून ते जावयाच्या जंतांची हकिकत रंगवून सांगू लागले. स्वतःचे जंत मात्र त्यांनी त्यातून वगळले.

एके सकाळी लिंबागणेशची भिवराबाई डबी घेऊन लॅबमध्ये आली. मागे आणखी चौघी होत्या.

"भगवानरावाच्या जावयाचे जंत धरले, ते डाक्टर कुठं हायत? लई हुशार हायत म्हणं."

नवनाथनं हातमोजे चढवले.

"डॉक्टर न्हाई, मावशी. जंत ज्याचे, त्यानंच धरले. बसा."

भिवराबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डबी बिनधास्त पुढं केली.

"मग बरंय. तुमच्यापुढं लाजायचं काम न्हाई."