पुंजाजींनी निवडलेला कॅमेरा

नारळ कानाशी धरून हलवणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. चप्पल कानाशी धरून हलवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे राजापेठेतले शेजारी पुंजाजी.

चप्पल त्यांची नव्हती, माझी होती. शिक्षकाची नोकरी लागून मी अमरावतीला आलो त्याला जेमतेम चार दिवस झाले होते आणि शेजारी म्हणून पुंजाजी माझ्याबरोबर दुकानात आले होते. त्यांनी चप्पल वाजवली, वाकवली, हुंगली, कानाशी धरून हलवली आणि दुकानदाराला परत दिली. "नाई बोलत," म्हणाले. "माल हातात घेतला की बोलला पायजे." चप्पल खरोखर बोलली असती तर मी दुकानातून पळ काढला असता, पण हे सांगायची माझी छाती झाली नाही. तिसऱ्या दुकानातली अकरावी चप्पल बोलली. ती मला सात वर्षं पुरली, हेही प्रामाणिकपणे कबूल करायला हवं.

पुंजाजींचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. जन्मभर वांगी निवडून त्यांच्या हातांना अशी खोड लागली होती की समोर काही दिसलं की ते निवडायला लागत. आमच्याकडे गप्पा मारायला आले की बोलता बोलता बायकोच्या सुपातले तांदूळ निवडून ठेवत. एकदा माझ्या पुढ्यातले सहामाहीचे पेपर त्यांनी असेच दोन ढिगांत लावले. पुंजाजींना अक्षरओळख नव्हती. विचारलं तर म्हणाले, "हे भारी, हे हलके." मी तपासून पाहिले. दोनतीन पोरं सोडली तर सगळे नापास हलक्या ढिगात निघाले.

खाट घ्यायला गेलो तेव्हा तर ते भर दुकानात खाटेवर आडवे झाले आणि चक्क पाव तास झोपले. दुकानदार आणि मी दोन्ही बाजूंना उभे. उठले ते मान हलवतच. "सपन खराब पडलं. दुसरी दाखवा."

अशा माणसाच्या तावडीत आमच्या शकूचा कॅमेरा सापडला.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही आठ दिवस चिखलदऱ्याला जायचं ठरवलं होतं. शकू आठ वर्षांची. तिने कॅमेरा मागितला आणि मी "बघू" म्हणालो. बाप "बघू" म्हणाला की त्याचा अर्थ "नाही" असा असतो, हे इतर घरांतल्या मुलांना कळतं. शकूने त्याचा अर्थ "हो" असा घेतला आणि गल्लीभर सांगून टाकलं.

मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शाळेतले चित्रकलेचे मास्तर म्हणाले, साधा डबा कॅमेरा घ्या. माझ्या भावाने पत्र पाठवून बजावलं की डबा मुळीच घेऊ नकोस, भात्याचा घे. बायको म्हणाली, जी मुलगी आठवड्याला एक पाटीवरची पेन्सिल हरवते तिला उड्या मारायची दोरी घ्या. मला तिघांचंही पटलं. मी डोकं धरून ओट्यावर बसलो असताना कुंपणापलीकडून आवाज आला, "घाई नोका करू मास्तर. मी येतो."

पुंजाजींनी जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. पण त्यांना नको म्हणायचं कसं, हे राजापेठेत अजून कुणाला जमलेलं नव्हतं.

पहिल्या दुकानात भात्याचा कॅमेरा होता. दुकानदाराने तो उघडून दाखवला तसे पुंजाजी दोन पावलं मागे सरले. "याले भाता कावून लावला? पोरीले लोहारकाम कराचं हाये काय?" दुसऱ्या दुकानातल्या कॅमेऱ्यावर आकड्यांच्या तीन चकत्या होत्या. "पोट्टी फोटो काढीन का गनित करीन?" तिसऱ्या दुकानात डबा कॅमेरा निघाला. तो त्यांनी कानाशी धरून हलवला. मग दुकानदाराला मागचं झाकण उघडायला लावलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

"मास्तर, हा तं पोचट हाये! आत काईच नाई!"

"अहो, आत अंधारच असावा लागतो," दुकानदार म्हणाला.

"मंग अंधाराचे पैसे घेता काय?"

दुकानदाराने त्यांना वरच्या काचेत पाहायला सांगितलं. पुंजाजी वाकले, रस्त्यावरचा टांगा पाहिला आणि ताठ झाले. "टांगा टेसनाकडं चालला, अन् याच्यात वापस येऊन राह्यला!" तो आरशाचा गुण आहे, फोटो सरळच येतो, हे समजावण्यात दुकानदाराचा अर्धा तास गेला. शेवटी पुंजाजींना समजलं की नाही ते मला समजलं नाही. मला स्वतःलाही ते नीटसं समजलं नव्हतं.

मग मात्र त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. कॅमेरा शकूच्या हातात दिला आणि तिला दुकानापुढे पळायला लावलं. उडी मारायला लावली. "जड झाला काय माय?" नाही. "खटका एका बोटानं दबते काय?" दबतो. मग दुकानदाराला विचारलं, "पडला तं काय होईन?" तो म्हणाला, पोचा येईल, पण चालेल. पुंजाजी खूश झाले. "माल चोखा हाये मास्तर. लेकराच्या हाताचा हाये."

मी खिशात हात घातला.

"पन इथून नाई घ्याचा. अकोल्याहून घेऊ."

"का?"

"अकोल्याचा माल अलग असते."

"अहो, तिथंही हाच कारखाना आणि हाच डबा मिळेल!" दुकानदार ओरडला. पुंजाजी तोवर पायऱ्या उतरून गेले होते.

तीन दिवस मी या कोड्यात होतो. शकूने रडून घर डोक्यावर घेतलं. चिखलदऱ्याची गाडी रविवारची, आणि पुंजाजी रोज कुंपणावरून एकच विचारत, "मंग, अकोल्याले कवा जाऊन राह्यलो?" शेवटी बायको म्हणाली, "जा एकदाचे, नाहीतर चिखलदऱ्यालाही ते कुंपण येईल." शुक्रवारी सकाळी मी, शकू आणि पुंजाजी बडनेऱ्याहून गाडीत बसलो. पुंजाजींनी धुतलेला सदरा घातला होता आणि टोपी नवी होती.

अकोल्याच्या पहिल्याच दुकानात तोच डबा कॅमेरा होता. दुकानदाराने तो कपाटातून काढला न काढला तोच पुंजाजी म्हणाले, "द्या बांधून."

मी थक्क झालो. "पुंजाजी, निदान कानाला तरी लावा!"

"चांगला हाये. रोल भरून द्या जी. किती फोटो येतेत?"

आठ येतात, दुकानदार म्हणाला. ऊन पाठीशी घ्यायचं, कॅमेरा छातीशी धरायचा, खाली काचेत पाहायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. शकूने हे सगळं तीनदा घोकलं. आठ फोटोंत चिखलदऱ्याचं काय काय येणार याची यादीही तिने तिथेच केली.

दुकानातून निघाल्यावर मी स्टेशनकडे वळलो, तर पुंजाजी उलट्या दिशेला चालू लागलेले. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जुन्या शहरात. तिकडं उजेड चांगला हाये." मोर्णा नदीच्या अलीकडे एक उजेड आणि पलीकडे दुसरा, हे भूगोल शिकवणाऱ्या मलाही ठाऊक नव्हतं. उन्हाने जीव चाललेला. आम्ही पूल ओलांडून गल्ल्यांत शिरलो. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असणारे पुंजाजी एक अक्षर बोलत नव्हते. एका पिठाच्या गिरणीजवळ कडुनिंबाचं झाड होतं. तिथे ते थांबले, झाडाआड झाले, आणि माझा संताप झाला.

"हे काय चाललंय पुंजाजी?"

"थे निळं दार दिसते न मास्तर? माही कमल देल्ली थ्या घरी."

त्यांची एक मुलगी अकोल्यास दिली आहे एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी त्या झाडाखाली सांगितलं. लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी मांडवात आंब्यांच्या चार पाट्या आणवल्या होत्या. पुंजाजी गप्पा मारता मारता पाटीजवळ बसले, आणि हात चालू झाले. चांगले एका बाजूला, नासके दुसऱ्या बाजूला. सगळं वऱ्हाड पाहत होतं. नासक्यांचा ढीग मोठा झाला तेव्हा त्यांना भान आलं.

"व्याही उठून उभा राह्यला. म्हने, आमचा माल निवडाचा होता तं पोरगी कायले देल्ली? आता पोरगी आमची. तुमी ह्या दारात पाय ठेवाचा नाई, अन् थे बी माहेरी येनार नाई." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "चार वर्सं झाली. जावई गरीब हाये, बापापुढं बोलत नाई. पोरगं झालं म्हंतेत कमलले. मी पायलं नाई. तिच्या मायनं बी नाई. चिठ्ठी लिवावं तं तिले लिवता येत नाई, अन् आमाले वाचता येत नाई."

मी शकूच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"लेकराच्या हातात कॅमेरा असला तं कोनी आडवत नाई मास्तर. शकूबाई आत जाईन, एक फोटो काढून आनीन. आमाले पाहाले भेटीन. बाकी काई नाई पायजे."

"हे तुम्ही अमरावतीतच का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमी आले असते?"

"आलो असतो की!"

पुंजाजी माझ्याकडे पाहत राहिले. "मंग माही चूक झाली," ते म्हणाले. दोन वर्षं मी या माणसाच्या गमती शाळेत सांगून सगळ्यांना हसवत होतो. मला माझीच लाज वाटली.

शकूला काम समजावलं आणि ती गेली. निळ्या दाराच्या ओट्यावर भरघोस मिशांचे एक गृहस्थ बसले होते. तेच व्याही. ती त्यांच्याशी काहीतरी बोलली आणि ते एकदम ताठ बसले. एक फोटो झाला. मग ते आत जाऊन फेटा बांधून आले. दुसरा झाला. फेट्यासकट बाजूने, तिसरा.

"पाच राह्यले," पुंजाजी म्हणाले.

व्याह्यांनी सायकल बाहेर काढली. मग विहीणबाईंना बोलावून खुर्चीवर बसवलं. मग मुलाला, म्हणजे कमलच्या नवऱ्याला, शेजारी उभं केलं. पुंजाजी एकेक बोट दुमडत होते. व्याही गोठ्याकडे वळले तेव्हा पुंजाजींनी माझा दंड धरला. "म्हशीचा! मास्तर, म्हशीचा काढाले लावते हा! एकच राह्यला आता, एकच!" मला हसू येत होतं. त्या क्षणी चिखलदरा, सुट्टी, कशाचंच मला सोयरसुतक नव्हतं. शकूने तो एक फोटो वाचवावा, एवढंच वाटत होतं.

शकूने वाचवला. तिने मान हलवून व्याह्यांना काहीतरी ठाम सांगितलं आणि दाराकडे बोट दाखवलं. दारात कमल आली. कडेवर पोरगं.

पुंजाजी झाडाआडून बाहेर निघाले. एक पाऊल, दोन पावलं. त्यांना भानच नव्हतं. तेवढ्यात व्याही ओट्यावरून उतरून आमच्या बाजूला वळले, आणि मी पुंजाजींचा सदरा धरून त्यांना गिरणीच्या भिंतीमागे ओढलं. दोघेही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. पुन्हा डोकावलो तेव्हा दार बंद होतं आणि शकू मूठभर शेंगदाणे खात येत होती.

परतीच्या गाडीत पुंजाजींनी एकच प्रश्न तीनदा विचारला. "मास्तर, तिनं पायलं असन काय मले?" मला माहीत नव्हतं. शकूलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी खाली काचेत बघत होते. आणि मी श्वास रोखला होता."

चिखलदऱ्यासाठी मी दुसरा रोल घेतला. परत आल्यावर दोन्ही रोल धुवायला टाकले. व्याह्यांचे सात फोटो मी पोस्टाने पाठवून दिले. त्यांची पोच आली नाही. म्हैस सगळ्यांत चांगली आली होती.

आठवा फोटो पाहून मी खट्टू झालो. दार तिरपं, पोराने मान हलवल्यामुळे त्याचा चेहरा पुसट. कमल स्वच्छ आली होती, पण कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं, मान पूर्ण एका बाजूला. स्टुडिओवाला म्हणाला, "बाईनं ऐन वेळेवर मान फिरवली. फोटो वाया गेला." मी तसंच पुंजाजींना सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका, पुन्हा जाऊ, असंही सांगितलं.

त्यांनी हात धुऊन, सदऱ्याला पुसून फोटो घेतला. खूप वेळ पाहिला. मग हळूच विचारलं, "मास्तर, दाराकडं तोंड केलं तं थो कडुनिंब कोन्या बाजूले होता?"

मी आठवून पाहिलं. "उजव्या."

पुंजाजींनी फोटोतल्या कमलच्या चेहऱ्यासमोरून उजवीकडे बोट नेलं, फोटोच्या कडेपर्यंत, आणि तिथेच ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि कुणी पाहील म्हणून ते लपवतही नव्हते. मग उठले, फोटो दोन्ही हातांत धरून कुंपणापलीकडे गेले आणि आपल्या दाराशी उभं राहून त्यांनी बायकोला हाक मारली.

"अवं, बाहीर ये. उजेडात ये. कमल आपल्याकडं पाहून राह्यली."